अण्णांसाठी घरी आर्केड कंट्रोलर बनवतेय : रास्पबेरी पाय, पिको की तयार बोर्ड?

पंचगंगा | शनिवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, नव्वदच्या दशकात इचलकरंजीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. चार मशिनं, एक टेबलफॅन आणि गल्ल्याशेजारी सुट्या नाण्यांच्या थप्प्या. मागच्या गल्लीत यंत्रमाग. पाळी सुटली की कामगार पोरं हातावरचा कापूस झटकत थेट आमच्याकडे यायची. सगळ्यात जास्त गर्दी मुस्तफाच्या मशिनवर. खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमनं १९९३ साली काढलेला. त्यात चार पात्रं आहेत, मुस्तफा त्यातलंच एक, पण आपल्याकडे सगळ्यांनी त्याला मुस्तफाच म्हटलं.

दुकान बंद झालं, मशिनं भंगारात गेली. माळ्यावर एक लाकडी खोकं तेवढं उरलंय. त्यात दोन बोर्ड, नाणं टाकायची लोखंडी यंत्रणा आणि लाल गोळ्याची एक स्टिक आहे. गेल्या दिवाळीत भाच्यानं त्यांना टीव्हीला लावून एक खेळ दिला, हातात नेहमीचं छोटं गेमपॅड. दहा मिनिटं खेळून अण्णांनी ते खाली ठेवलं. म्हणाले, “अंगठ्यानं खेळायचं असतंय व्हय हे? मनगट कुठं गेलं ह्यात?”

ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. त्यांना मनगटानं खेळता येईल असा कंट्रोलर घरीच बनवायचा ठरवलंय. माझ्याकडे रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच छोट्या बोर्डवरचा संगणक, पडून आहे, दोन जीबीवाला. डाग देता येतो (सोल्डरिंग), पण अगदी जेमतेम. मल्टीमीटर आहे. सुतारकाम शून्य.

प्रश्न असा : बटनं आणि स्टिक थेट पायच्या पिनांना जोडावीत की मध्ये काही लागतं? आणि भाग कुठले घ्यावेत, म्हणजे हाताला जुनं वाटेल?

---

खटपट्या | शनिवार, रात्री ११:२५

ताई, स्वागत. सुंदर कामाला हात घातलात.

थेट जोडता येतं, आणि एकदा तरी करून बघावंच. पायवर चाळीस पिनांची पट्टी आहे. त्यातल्या जीपीआयओ (बाहेरचा सिग्नल वाचणाऱ्या) पिनेला बटनाची एक तार आणि दुसरी तार ग्राउंडला, एवढंच सर्किट. पायच्या आतच पुल-अप रेझिस्टर आहेत, ते चालू केले की पिन एरवी ‘वर’ असते, बटन दाबलं की ग्राउंडला जाऊन ‘खाली’ येते. वेगळा रेझिस्टर लागत नाही. रास्पबेरी पायच्या सिस्टिममध्येच अशी सोय आहे की सेटिंगच्या फाइलमध्ये एकेक ओळ लिहून पिनेला कीबोर्डची कळ ठरवून देता येते.

दुसरा रस्ता तयार यूएसबी एन्कोडरचा, म्हणजे बटनांचे सिग्नल यूएसबीवर पाठवणाऱ्या छोट्या बोर्डचा. ‘झीरो डिले’ या नावानं लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मागितलात तर तारांसकट मिळतो. डाग देण्याचं काम नाही, नुसत्या क्लिप खोचायच्या.

तिसरा रस्ता पिको, हा रास्पबेरी पायवाल्यांचाच लहान बोर्ड. त्याबद्दल इथले आर्केडवाले माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

एक गोष्ट मात्र भिंतीवर लिहून ठेवा. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्याच पट्टीवर, अगदी खेटून, ५ व्होल्टच्या दोन पिना आहेत : क्रमांक २ आणि ४. ग्राउंडची पिन त्यांच्या लगेच पुढे, क्रमांक ६. चूक इथेच होते.

---

बटनबहाद्दर | रविवार, सकाळी ८:०५

पिको घ्या, डोळे झाकून. मी ठाण्यात दर आठवड्याला मित्रांशी फायटिंग गेम खेळतो, चार कंट्रोलर बनवून झालेत, शेवटचे दोन पिकोवर. साडेतीनशे-चारशे रुपयांत मिळतो.

पिको २०२१ च्या जानेवारीत आला. हा पायसारखा पूर्ण संगणक नाही, मायक्रोकंट्रोलर (एकच ठरलेलं काम करणारा छोटा बोर्ड) आहे, आणि म्हणूनच या कामाला उत्तम. त्यासाठी जीपी२०४०-सीई नावाचं फुकट, खुलं फर्मवेअर (बोर्डात बसवायचा प्रोग्रॅम) आहे. पिकोवरचं पांढरं बटन दाबून धरून यूएसबी लावायची, संगणकावर तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, फर्मवेअरची फाइल त्यात टाकली की संपलं. पुढे कुठलं बटन कुठल्या पिनेवर ते ब्राउझरमध्येच ठरवता येतं. बटन दाबल्यापासून यूएसबीवर खबर जायला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही.

मुख्य फायदा : पिकोचा कंट्रोलर यूएसबीचा होतो. आज पायला लावा, उद्या लॅपटॉपला. पाय बदलला, जळला, तरी अण्णांच्या हातातली वस्तू तीच राहते. पिनांना थेट जोडलंत तर कंट्रोलर त्या एका पायशी बांधला गेला.

भागांचं सांगायचं तर जपानी सान्वा कंपनीचे. बटन ३० मिमीचं, स्टिक जेएलएफ. लोण्यासारखी चालते.

---

सॅनहोजेकर | रविवार, सकाळी ९:४०

बटनबहाद्दर, सान्वाबद्दल पूर्ण सहमत, पण या धाग्यासाठी नाही.

सान्वाचं बटन हलकं आणि हळू आवाजाचं असतं. बोट नुसतं टेकलं तरी लागतं. अण्णांच्या काळच्या मशिनांत बहुधा दुसरी जात असणार : लांब देठाचं बटन, खाली प्लॅस्टिकचा मोठा नट आणि त्याच्याखाली वेगळा मायक्रोस्विच अडकवलेला. अमेरिकेत याला हॅपचं बटन म्हणतात, भोक २८ मिमीचं लागतं. दाबलं की ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो आणि बोटाला टप्पा कळतो.

पंचगंगाताई, माळ्यावरचं खोकं उघडून स्टिकच्या खालचा भाग बघाल का? स्विचवर तीन पत्त्या असतील तर माझा अंदाज बरोबर. एक कॉमन, एक नॉर्मली ओपन, एक नॉर्मली क्लोज्ड. आपल्याला पहिल्या दोन हव्यात.

---

पंचगंगा | रविवार, दुपारी १:३०

खोकं खाली काढलं. स्टिकच्या तळाला चार काळे स्विच, प्रत्येकाला तीन पत्त्या. तुमचा अंदाज अगदी बरोबर.

अण्णा शेजारीच बसले होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी स्टिक मांडीवर धरली, कानाजवळ नेली आणि गोल फिरवली. टक टक टक टक. तिसऱ्या फेरीला म्हणाले, “डावीकडचा मेलाय.” मल्टीमीटर लावला. तीन स्विचांवर बीप आलं, डावीकडच्यावर नाही. मीटर मी नंतर लावला, त्यांना आधीच कळलं होतं.

मागच्या गल्लीत माग धडधडत असताना चार मशिनांच्या आवाजातून कुठलं बटन गेलंय ते त्यांना गल्ल्यावरून कळायचं, असं आई सांगते. आज बघितलं.

तर ठरलं. आवाज हवाच. सान्वा नको, टकटकणारी बटनं घेणार.

---

बटनबहाद्दर | रविवार, दुपारी २:१५

मान्य. कानानं स्विच ओळखणारा माणूस असेल तर त्याला आवाजच द्यायला हवा. पिकोचा आग्रह मात्र कायम.

बटनं किती लावणार? खूप लोक उगाच आठ लावतात. मुस्तफाला दोन लागतात, मार आणि उडी. काँट्राला दोन. केओएफ (किंग ऑफ फायटर्स) ९७ ला चार. स्ट्रीट फायटर टूला सहा. अण्णा काय खेळणार तेवढीच लावा. रिकामी बटनं हाताखाली आली की बोट चुकतं.

---

लाकूडतोड्या | रविवार, सायंकाळी ६:५०

मी चिपळूणला फर्निचर करतो. इलेक्ट्रॉनिक्समधलं कळत नाही, पण खोक्याचं सांगतो.

एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घेऊ नका. स्वस्त आहे, कापायला गुळगुळीत आहे, पण एक पावसाळा गेला की कडा फुगतात आणि स्क्रूची पकड जाते. आमच्या कोकणात तर विचारायलाच नको. हातांचा घामही लागणार आहे. मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून. लहान तुकडा कुठल्याही सुताराकडे उरलेल्यातून मिळतो.

वरची फळी किती जाडीची, हे बटनावर ठरतं. जपानी खटक्याची बटनं पातळ पत्र्यासाठी असतात, जाड फळीत त्यांचे खटके बसत नाहीत. नटवाली लांब बटनं १८ मिमीच्या प्लायमध्येही बसतील. पण स्टिकचा दांडा १८ मिमीत अर्धा बुडेल, वर पकडायला उरणार नाही. म्हणून स्टिकच्या जागी खालून राऊटरनं (लाकूड कोरायच्या मशिननं) खाच मारून घ्या, वर सहा मिमी राहील इतकी. किंवा सरळ १२ मिमीची फळी घ्या. घरच्या वापराला ती पुरते.

भोकं होल-सॉनं (ड्रिलला लावायच्या गोल करवतीनं) पाडा. फळीखाली दुसरी टाकाऊ फळी घट्ट दाबून धरा, नाहीतर खालच्या बाजूनं पापुद्रे उडतात. अर्धं वरून, अर्धं उलट करून खालून पाडलं तर सगळ्यात स्वच्छ. सनमायका लावणार असाल तर आधी चिकटवा, मग भोक. कडेला कानस फिरवा, अण्णांचं मनगट तिथेच घासणार आहे.

आणि कापायच्या आधी पुठ्ठा! बुटांचं खोकं घ्या. अण्णांना डोळे मिटून त्यावर हात ठेवायला सांगा आणि बोटं जिथं पडतील तिथं पेन्सिलनं खूण करा. दुसऱ्याच्या हाताच्या मापाचा नकाशा डाउनलोड करू नका.

---

पंचगंगा | पुढचा शनिवार, रात्री ९:००

आठवड्याची प्रगती, आणि एक नुकसान.

पुठ्ठ्याचं झालं. अण्णांना डोळे मिटायला सांगितलं तर त्यांचे दोन्ही हात माझ्या कल्पनेपेक्षा बरेच लांब पडले. खांदे मोकळे, दोन हातांत जवळजवळ एक फूट अंतर. मी इंटरनेटवरून काढलेल्या नकाशात सहा-सात इंच होतं. स्टिक ते वरून मुठीत पकडत नाहीत. तळवा वर, दांडा मधल्या बोटाच्या आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या मध्ये, अंगठा गोळ्यावर टेकलेला. त्यामुळे हाताखाली जास्त जागा लागते. खोकं चार बोटं पुढे वाढवलं.

आता नुकसान. खटपट्या यांचं ऐकून आधी पायच्या पिनांवर दोन बटनं जोडून बघितली. एक चालू झालं. टीव्हीवर उडी मारताना बघून घरात टाळ्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाईत परत जोडताना ग्राउंडची तार क्रमांक ६ ऐवजी ४ वर बसली. बटन दाबलं आणि ५ व्होल्ट सरळ जीपीआयओ १७ मध्ये. धूर नाही, वास नाही, काहीच नाही. फक्त ती पिन आता कधीच ‘खाली’ जात नाही. पाय चालतोय, बाकीच्या पिनाही शाबूत आहेत. पण मला खूप लागलं. सूचना स्पष्ट दिलेली होती.

पिको मागवलाय.

---

खटपट्या | शनिवार, रात्री ९:३५

ताई, एकाच पिनेवर निभावलं हे चांगलं झालं. पुष्कळदा अख्खा बोर्ड जातो. माझा एक गेलाय, अगदी याच चुकीनं.

पिकोलाही हाच नियम, त्याच्याही पिना ३.३ व्होल्टच्याच. त्यावर ४० नंबरची पिन यूएसबीचे ५ व्होल्ट देते, तिला हात लावायचं कारणच नाही. काम सुरू करायच्या आधी तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका.

तारांची शिस्त सांगतो. ग्राउंड सगळ्या बटनांना एकच असतो, म्हणून प्रत्येकाची वेगळी तार पिकोपर्यंत आणायची नाही. गजरा ओवतात तशी एकच काळी तार या बटनावरून त्या बटनावर ओवत न्यायची, शेवटचं टोक पिकोच्या ग्राउंडला. सिग्नलच्या तारा रंगीत, दर बटनाला वेगळा रंग, आणि कागदावर नोंद. तार मल्टिस्ट्रँड घ्या, एकतारी वाकून वाकून तुटते. स्विचच्या पत्त्यांना डाग देऊ नका, खोचायचे लग (तारेच्या टोकाला लावायच्या धातूच्या क्लिपा) लावा. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. नटवाल्या बटनांच्या स्विचला ४.८ मिमीचे लागतात, जपानी बटनांना त्याहून बारीक २.८ चे. उद्या स्विच मेला तर लग काढून नवा बसवता येतो.

---

पंचगंगा | बुधवार, रात्री १०:४५

पिको आला, फर्मवेअर बसलं, गजरा ओवला. पण एक विचित्र प्रकार : स्टिक वर केली की मुस्तफा खाली येतो, डावीकडे केली की उजवीकडे पळतो. तारा तीनदा तपासल्या. ‘वर’ लिहिलेली तार वरच्याच स्विचला आहे.

---

खटपट्या | बुधवार, रात्री १०:५२

तेच कारण. दांडा मधल्या बिजागरीवर डुलतो. गोळा वर गेला की फळीखालचं टोक खाली जातं आणि खालचा स्विच दाबतं. म्हणजे ‘वर’ची तार खालच्या स्विचला हवी आणि ‘डावी’ची उजव्याला. तारा बदलायच्या नसतील तर स्टिक अर्धा फेरा फिरवून बसवा, तेच होईल.

---

पंचगंगा | बुधवार, रात्री ११:०५

फिरवली. झालं! अण्णा झोपलेत, सकाळी दाखवते.

---

वाटाड्या_वकील | गुरुवार, सकाळी ७:५०

धागा फार आवडला. एका बाजूबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

मामे हे एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशिनांचे खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम, १९९७ पासून आहे, २०१६ पासून खुल्या परवान्यावर आहे, ते वापरण्यात काहीच गैर नाही. प्रश्न खेळांच्या फाइलींचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रत ज्याच्या ताब्यात आहे त्याला त्या प्रतीवरून राखीव प्रत काढायची मुभा आहे. पण कुठल्याही संकेतस्थळावरून हजार खेळांचा गठ्ठा उतरवणं त्यात बसत नाही. आणि त्या काळी गावोगावच्या दुकानांतले पुष्कळ बोर्ड मुळातच नकली होते, त्यामुळे माळ्यावरचा बोर्ड म्हणजे कायदेशीर प्रत असंही धरून चालता येत नाही.

रस्ते आहेत. ‘रॉबी रोटो’ आणि ‘ग्रिडली’ यांसारखे काही जुने खेळ हक्कदारांनी बिगरव्यापारी वापरासाठी मोकळे केलेत, मामेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतात. कॅपकॉमनं २०१८ साली हाणामारीच्या सात जुन्या खेळांचा संच विकायला काढला, त्यात ‘फायनल फाइट’ आणि ‘कॅप्टन कमांडो’ आहेत. तो संगणकावर चालतो, आणि तुमचा पिकोचा कंट्रोलर यूएसबीचा असल्यामुळे त्यालाही लागेल.

---

पंचगंगा | गुरुवार, दुपारी १२:२०

धन्यवाद, हे मला नीट माहीत नव्हतं. अण्णांना वाचून दाखवलं. ‘कॅप्टन कमांडो’ म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले, तो त्यांच्या दुसऱ्या मशिनवर होता. लॅपटॉपसाठी संच विकत घेतला. दोन्ही बोर्डांबद्दल त्यांनाच विचारलं. एक त्यांनी मुंबईहून आणला होता, तो असली की नकली त्यांनाही सांगता येत नाही. ते बोर्ड खोक्यातच राहू देत.

---

कळसुबाई | गुरुवार, सायंकाळी ५:३०

मी नाशिकला विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. इथे लिहू की नको असं झालं होतं, पण लाकूडतोड्या यांचं ‘दुसऱ्याच्या हाताच्या मापाचा नकाशा घेऊ नका’ वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्याकडे एक मुलगा आहे, अकरा वर्षांचा. सेरेब्रल पाल्सीमुळे बोटं वेगवेगळी उचलत नाहीत, पण मूठ आणि कोपर चालतं. बाजारातलं गेमपॅड त्याच्यासाठी नाहीच. मोठी कंपनी असा जुळवून घेणारा कंट्रोलर विकते, एक्सबॉक्सचा २०१८ सालचा, मागे ओळीनं जॅक असलेला. आमच्या शाळेला तो परवडणारा नाही. आम्ही पिकोवर १०० मिमीची दोन घुमटाकार बटनं लावली, एक मुठीसाठी आणि एक कोपरासाठी. बटनांच्या आतला दिवा १२ व्होल्टचा होता, यूएसबीवर जेमतेम मिणमिणायचा. ५ व्होल्टचा टाकला. प्रत्येक बटनाची तार ३.५ मिमीच्या मोनो जॅकवर आणली, कारण अशा मुलांसाठी मिळणारे बहुतेक स्विच याच जॅकचे असतात. उद्या त्याला गालाने दाबायचा स्विच सोयीचा वाटला तर जॅक बदलला की झालं.

पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या हातानं गाडी वळवली तेव्हा तो हसला नाही, ओरडला नाही. बटनाकडे बघत राहिला, मग पडद्याकडे, मग परत बटनाकडे.

बटनाला लागणारा जोर कमी करायचा असेल तर काय करावं, हा माझा प्रश्न.

---

सॅनहोजेकर | गुरुवार, रात्री ९:१०

कळसुबाईताई, घुमटाच्या आत एक स्प्रिंग असते आणि खाली मायक्रोस्विचची स्वतःची वेगळी. आधी घुमटाची स्प्रिंग काढून बघा, पुष्कळ वेळा स्विचच्या स्प्रिंगवरच बटन परत वर येतं. नाही आलं तर मऊ स्प्रिंग टाका. मायक्रोस्विचही कमी ग्रॅमचे मिळतात, दुकानात ‘हलक्या दाबाचा’ म्हणून मागा. आणि तुमच्या जॅकच्या मांडणीचा फोटो इथे टाका. मला इथल्या मंडळाच्या मुलांबरोबर तेच बनवायचंय.

---

पंचगंगा | रविवार, रात्री ८:१५

खोकं तयार! १२ मिमी मरीन प्लाय, वर काळा सनमायका, कडा कानशीनं गोल केलेल्या. पिको आणि पाय दोन्ही आतच. पायचा एचडीएमआय आणि वीज मागच्या भोकातून बाहेर. चार बटनं, स्टार्ट, आणि नाण्यासाठी एक जोडणी. स्टिक जुनीच, चारही स्विच नवे.

अण्णांनी पहिल्याच डावात तीन दोष काढले.

पहिला : “उडी उशिरा लागतीया.” मी पिकोवर शंका घेतली, तारा तपासल्या. बटनबहाद्दर यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं, टीव्ही बघ. टीव्ही चित्र सुंदर करत बसतो आणि प्रत्येक फ्रेम थोडी मागे पडते. खेळाची एक फ्रेम सेकंदाचा साठावा भाग, असे चार-पाच फ्रेम उशीर झाला की सवयीच्या हाताला कळतंच. टीव्हीचा गेम मोड चालू केला. अण्णा लगेच म्हणाले, “आता बरोबर.”

दुसरा : तिरपं वर-डावीकडे कधी लागायचं, कधी नाही. त्यांनी परत कानाजवळ नेऊन फिरवली. एक लग सैल होता. पक्कडीनं चिमटला, बसला.

तिसरा जरा गुंतागुंतीचा. माळ्यावरची नाण्याची यंत्रणा मी ‘सिलेक्ट’वर जोडली होती, कारण एम्युलेटरमध्ये नाणं म्हणजे सिलेक्ट. पण नाणं टाकून स्टार्ट दाबलं की कधी कधी अख्खा खेळच बंद! रेट्रोपायमध्ये (पायवर जुने खेळ चालवायची सिस्टिम) सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र म्हणजे ‘बाहेर पड’. नाणं पडताना ज्या बारीक तारेला धक्का देतं ती तार गंजून अडकत होती, म्हणजे सिलेक्ट दाबलेलंच राहायचं. तार पॉलिश पेपरनं घासली आणि ‘बाहेर पड’साठी खोक्याच्या मागे वेगळं छोटं बटन दिलं. आता होत नाही.

---

लाकूडतोड्या | रविवार, रात्री ८:४०

फोटो बघितला. कडा छान उतरल्यात. तळाला चार रबरी बुश लावा, टेबलावर सरकणार नाही.

नाण्याचं विचारतो. आताचं एक रुपयाचं नाणं त्यात चालतं?

---

खटपट्या | रविवार, रात्री ९:००

ताई, एक राहिलं. लाईट गेली की पायचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. बंद करायचं बटन द्या. पायच्या पट्टीवर ५ आणि ६ नंबरच्या पिनांमध्ये साधं बटन, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये शटडाउनची एक ओळ. दाबलं की नीट बंद होतो, परत दाबलं की उठतो. आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकताना दिसली तर अडॅप्टर कमी पडतोय. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतो, मोबाइलचा जुना चार्जर नको.

---

पंचगंगा | सोमवार, रात्री १०:३०

खटपट्या, बटन आज लावलं. पिवळी वीज दिसत होती खरी, अडॅप्टर बदलल्यावर गेली.

लाकूडतोड्या, नाही चालत. यंत्रणा १९९२ च्या मोठ्या रुपयाच्या मापाची आहे, पंचवीस मिमीचा. २०११ नंतरचा रुपया तीन मिमीनं लहान, तो पाळण्यातून निसटून खाली परतीच्या वाटीत पडतो. मी पाळणा वाकवून माप बदलूया म्हटलं, तर अण्णा नको म्हणाले. आईच्या देवघरातल्या डब्यातून, किराणा दुकानदाराकडून, शेजाऱ्यांकडून त्यांनी जुनी नाणी गोळा केली. एकवीस झालीत. खेळ संपला की मागचं दार उघडून परत काढतात, मोजतात, स्टीलच्या डब्यात ठेवतात.

काल संध्याकाळी शेजारचा यंत्रमागवाला आला होता. आता त्याला नातू आहे, पण आमच्या दुकानात तो शाळेच्या गणवेशात यायचा. दारातूनच स्टिकचा आवाज ऐकून म्हणाला, “अण्णा, दोन नंबरला कोण हाय?” दोन नंबरला कुणी नव्हतं, कारण दोन नंबर नाहीच. तो बराच वेळ उभ्यानं बघत होता.

त्यामुळे दुसरं खोकं करायचंय, त्याच मापाचं. पिकोला फार पैसे लागत नाहीत, पण ही स्टिक एकच होती. तीन पत्त्यांच्या स्विचची, लाल गोळ्याची अशी स्टिक कुणाच्या माळ्यावर असेल तर सांगा, मेलेली असली तरी चालेल. स्विच आमचे आम्ही बदलू.

आणि लाकूडतोड्या, दोन्ही खोकी एकमेकांना जोडून ठेवायची असतील तर मध्ये बोल्ट मारू की बिजागरी?